वाढवलेली दोन वर्षं
अमेरिकेत कोलंबस शहरातल्या कोरियन मंडळींच्या सेमी-प्रोफेशनल फुटबॉल क्लबात आमचे श्रीरंगकाका सात वर्षं गोलकीपर होते. अख्ख्या टीममध्ये मराठी माणूस हा एकच. तळाच्या डिव्हिजनपासून चढत चढत क्लब १९८७ साली पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला आणि नेमके त्याच वर्षी लीगने चाळिशी गाठलेले खेळाडू बंद केले.

काका खरे अडतीसचे, पासपोर्टवर चाळीसचे. पोराला शाळेत लवकर घालायचं म्हणून हेडमास्तर वडिलांनीच वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं होतं. काकांनी त्यांच्याकडे खऱ्या तारखेचं प्रतिज्ञापत्र मागितलं. महिन्याभराने सांगलीहून पत्र आलं: 'खेळापायी वयात लबाडी करणं आपल्या घरात चालत नाही.'

काकांनी निमूट ग्लोव्ह्ज परत केले. म्हाताऱ्याचं सोडा, मला काकांचाच राग येतो.