विमानं मी बांधायचे, उडवायचा तो

आमच्या घरात विमानं मी बांधायचे आणि उडवायचा माझा नवरा. लोकांना हे उलटं वाटायचं. रिमोटवरची विमानं उडवायच्या मैदानावर कुणी नवीन आलं की विमानाबद्दलचे सगळे प्रश्न त्यालाच विचारायचं, आणि तो हसून माझ्याकडे बोट दाखवायचा. मी ठाण्याला एका कंपनीत बरीच वर्षं सर्किट बोर्ड जोडायचं काम केलं होतं, त्यामुळे सोल्डरिंगवर हात बसलेला. त्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता यायचा नाही. पण रिमोटच्या दोन काड्या अंगठ्यांखाली आल्या की हाच माणूस इतका शांत व्हायचा की मला बघत बसावंसं वाटायचं.

बॅटरीवरची झाली, पेट्रोलवरची झाली, मग जेट घ्यायचं ठरलं. जेट म्हणजे खरंखुरं जेट. पाण्याच्या थर्मासएवढं टर्बाइन, रॉकेलवर चालणारं, आणि ते ज्यात बसवायचं तो फायबरग्लासचा सांगाडा माझ्या उंचीपेक्षा लांब. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावला नाही. आम्ही दोघांनी तो जिन्यावरून वळवून वळवून तिसऱ्या मजल्यावर नेला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून आम्ही ओट्याला टेकून, उभ्यानं जेवायला लागलो. आम्हाला मूल नाही, तेव्हा त्याबद्दल तक्रार करणारंही कुणी नव्हतं.

फोन आला तेव्हा मी शेपटीचा उभा पंख बसवत होते. चिकटवायचं मिश्रण नुकतंच कालवलं होतं. फोन त्याच्या ठाण्याच्या ऑफिसमधून होता. तो जिन्यात कोसळला होता, त्याला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, मी लगेच निघावं असं ते म्हणाले. बोलणाऱ्याच्या आवाजावरूनच मला कळलं. मी पंखा बंद केला, गॅस बघितला, कुलूप लावलं आणि रिक्षा केली. शिळफाट्याच्या रस्त्यावर रिक्षावाल्यानं पुढे गर्दी आहे, आतून घेऊ का असं विचारलं. मी त्याला म्हटलं, तुम्हाला बरं पडेल तसं घ्या.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माणसं आली, चपला दारात साठल्या, कुणी कुणी डबे आणले. मी रडले नाही. रडू दाबलंय असंही नव्हतं, आतून काही येतच नव्हतं. बायका मला रडवायचा प्रयत्न करत होत्या, माझा हात धरून त्याच्या आठवणी काढत होत्या, आणि मला एवढंच वाटत होतं की यांचा चहा गार होतोय. टेबलावरच्या विमानावर कुणीतरी पांढरी चादर घातली होती. ते बघून आलेली माणसं दचकायची. शेवटी मी ती काढून टाकली. कालवलेलं मिश्रण दगड झालं होतं आणि त्यात काडी उभीच्या उभी रुतून बसली होती. मी ते कपासकट फेकलं.

दिवस झाले, माणसं गेली, आणि मी नवीन मिश्रण कालवून शेपटीचा पंख बसवला. का, ते मला सांगता येणार नाही. टेबल समोर होतं आणि त्यावर अर्धवट काम पडलं होतं, इतकंच.

त्याची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, ठाण्याला राहतात. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्या आठवड्यातून एकदा यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी वायरी सोल्डर करत होते. त्या समोर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, हे विमान कुणाला तरी देऊन टाक, घरात ठेवू नकोस. मी म्हटलं, अर्धवट कसं देणार, पूर्ण करते आणि मग बघू. त्यांनी पर्स बाजूला ठेवली.

"तुला आत काय होतंय ते तरी सांगशील का?"

"काही होत नाहीये, वन्सं. खरंच काही होत नाहीये."

थोड्या वेळानं मी पंखाचं दुसरं टोक धरायला सांगितलं आणि त्यांनी ते धरलं. तेव्हापासून त्या आल्या की काही ना काही धरायच्या.

कामाला मात्र अंत नव्हता, आणि तेच बरं होतं. टर्बाइन नुसतं बसवून चालत नाही. त्याच्या मागे धूर आणि आग बाहेर नेणारी पत्र्याची दुपदरी नळी लागते, नाहीतर विमान आतून भाजून निघेल. रॉकेलची टाकी, तिच्यापुढे हवेचे बुडबुडे अडवणारी छोटी टाकी, मग पंप, मग इंजिन सुरू-बंद करणारा मेंदू, त्याची वेगळी बॅटरी. चाकं आत-बाहेर घेणाऱ्या मोटरी, ब्रेक. प्रत्येक वायर बांधायची, कारण इंजिनाच्या थरथरीत सुटी वायर घासून तुटते. मी सकाळी पोळी-भाजी करून बसायचे आणि संध्याकाळी दिवा लावायला उठायचे. शेजारच्या काकूंनी रॉकेलच्या वासाची तक्रार केली, तेव्हा मी बाटली गॅलरीत नेऊन ठेवली. पूर्वी मी अशा वेळी चार वाक्यं तरी ऐकवली असती.

कल्याणचे एक दातांचे डॉक्टर आमच्याबरोबर मैदानावर असायचे. नवऱ्याहून काही वर्षांनी लहान, दर रविवारी दोघं शेजारी शेजारी उभे राहून विमानं उडवायचे. तो गेल्यावर ते एकदाच घरी आले, दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि पाणीसुद्धा न पिता गेले. विमान होत आलं तेव्हा मी त्यांना फोन केला. इंजिन सुरू करून बघायचंय, एकटीनं करायची गोष्ट नाही, याल का, असं विचारलं. ते हो म्हणाले.

आमचं मैदान म्हणजे आंबिवलीच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला, एक अर्ध्यावर राहिलेली टाऊनशिप. बिल्डरनं आतले काँक्रीटचे रस्ते आधी करून घेतले, इमारती कधी आल्याच नाहीत. परवानगीचे कागद डॉक्टरांकडे असतात आणि गेटवरचा वॉचमन आम्हाला ओळखतो. रस्ता लांब, सरळ, दोन्ही बाजूंना गवत आणि त्यात बगळे.

त्या दिवशी वन्संही आल्या होत्या. आम्ही विमानाची शेपटी दोरीनं एका खांबाला बांधली. डॉक्टर आग विझवायचं सिलिंडर घेऊन मागे उभे राहिले आणि मी बटण दाबलं. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग आत पेट घेतल्याचा भुस्स असा आवाज, आणि मग तो चढत गेला. बगळे उठले. मागचं गवत आडवं झालं, त्यापलीकडची शेतं हवेत वितळल्यासारखी हलायला लागली. मी छोट्या पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होते, उष्णता ठीक, फेरे ठीक. वन्संनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी इंजिन बंद केलं आणि टाकीत किती रॉकेल उरलंय ते बघितलं. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या की त्याला हे ऐकायला मिळायला हवं होतं. मला ते पटलं. पण पटण्यापलीकडे काही झालं नाही.

त्यानंतर पाऊस लागला आणि उडवणं लांबलं. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी आम्ही पुन्हा गेलो. उडवणार डॉक्टर होते. त्यांच्याशिवाय जेट उडवणारं आसपास कुणी नव्हतं. रस्त्यावरून विमान धावलं, नाक उचललं आणि गेलं. चाकं आत गेली. वळणावर त्याच्या पोटावर ऊन चमकलं. इतके महिने ज्याच्या पोटात हात घालून बसले होते ते वर होतं, आणि मी एखाद्या लग्नात उगाच गेल्यासारखी उभी होते.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला आवाज बंद झाला. कमी होत गेला नाही, एकदम बंद. टर्बाइन विझलं की विमान म्हणजे घसरता दगड. डॉक्टरांनी ते वळवलं, चाकं बाहेर काढली, रस्त्याच्या दिशेनं आणलं, पण ते रस्त्याअलीकडेच खडबडीत जमिनीवर टेकलं. पुढचं चाक मोडलं, मागच्या एका चाकाचा पाय पंखातून उपटला गेला, आणि विमान तिरकं घसरत जाऊन गवतात थांबलं.

मी धावत गेले. पाय उपटल्यावर पंखात जो खड्डा पडला होता त्यातून फाटलेलं लाकूड आणि माझ्या हातानं बांधलेल्या वायरी बाहेर आल्या होत्या. डॉक्टर धापा टाकत मागून आले, आणि मी त्यांच्यावर ओरडले. इतकं लांब का नेलंत, तो असता तर रस्त्याजवळच ठेवलं असतं, तुम्हाला जमत नव्हतं तर हो कशाला म्हणालात. हे आणि अजून पुष्कळ. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. वन्सं रस्त्यावरच थांबल्या होत्या. डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले. माझं संपलं तेव्हा ते तिथेच गवतात बसले.

"वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तो गेला त्याच्या थोडे दिवस आधी, इथेच, त्याला दरदरून घाम आला होता. छातीत दुखतंय म्हणाला. मी गाडीत बसवलं. थोड्या वेळानं बरं वाटलं त्याला."

मी पंखातून बाहेर आलेल्या वायरी आत सारायला लागले.

"मी म्हटलं, उद्याच दाखवून ये. तो हो म्हणाला. वहिनीला सांगू नकोस म्हणाला, जेट पूर्ण होईपर्यंत तिच्या डोक्याला ताप नको. मी ऐकलं त्याचं."

मी विमानाचा मोडका पाय उचलला, वायर तोडली आणि पाय पिशवीत टाकला. मग आम्ही तिघांनी मिळून पंख सोडवले आणि सगळं गाडीत भरलं. शहाडचा पूल आला. तिथे वन्संनी विचारलं, डॉक्टर काय म्हणत होते. मी सांगितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, लहानपणी पाय मोडला होता तेव्हाही दोन दिवस लंगडत शाळेत गेला, आईला सांगितलं नाही.

त्या रात्रीपासून मला राग यायला लागला. डॉक्टरांचा आला, पण तो फार टिकला नाही. खरा राग नवऱ्याचा आला. मी भांडी घासताना त्याला बोलायचे, मोठ्यानं. डोक्याला ताप नको म्हणे. टेबलाच्या त्या बाजूला बसून मला इंजिनाचं माहितीपत्रक वाचून दाखवत होतास, तेव्हा एक वाक्य मध्ये टाकता येत नव्हतं? काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार, पण रॉकेलच्या वासासारखी याची तक्रार काही त्यांनी केली नाही. उलट एकदा वाटीत आमटी दिली. राग कमी-जास्त होत राहिला. मध्येच पुन्हा पूर्वीचं सुन्नपण यायचं, दोन-दोन दिवस राहायचं. ते अजूनही येतं.

विमान उघडलं तेव्हा इंजिन का विझलं ते कळलं. टाकीच्या आतली मऊ नळी रॉकेलमध्ये राहून राहून कडक झाली होती. वळणावर विमान कलंडलं की तिचं टोक रॉकेलच्या वर राहायचं आणि पंप हवा ओढायचा. पावसाआधी इंजिन चालवून बघितलं, त्यानंतर टाकी रिकामी करायची राहिली होती. उडवणाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

मी नळी बदलली. पंख कापून पायाची जागा नव्यानं बांधली, आधीपेक्षा जाड प्लायवूड घालून. रंग जुळला नाही. त्या सगळ्या दिवसांत मी डॉक्टरांना फोन केला नाही आणि त्यांनीही केला नाही. वन्सं एकदा म्हणाल्या, तो माणूस झोपत नसेल. मी म्हटलं, मीही झोपत नाही. मग एका दुपारी मीच त्यांच्या दवाखान्यात फोन लावला. आधी नळीचं सांगितलं. चूक तुमची नव्हती, मी उगाच बोलले, असंही म्हटलं.

"मला वाटलंच होतं इंधनाचं काहीतरी असणार," ते म्हणाले. "पण तुम्ही ओरडत होता ते बरं वाटत होतं. म्हणून मी मध्ये बोललो नाही."

मी विचारलं, रविवारी मोकळे आहात का.

रविवारी वारा होता. आम्ही रस्त्याच्या कडेला विमान जोडत होतो, वन्सं सवयीनं पंखाचं टोक धरून उभ्या होत्या. डॉक्टर बोल्ट आवळत होते. मी त्यांना म्हटलं, यापुढे इथे कुणाला काहीही होत असेल, तुम्हाला, वन्संना, कुणालाही, तर मला सांगायचं. विमान पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. त्यांनी पाना खाली ठेवला, हो म्हणाले, आणि पुन्हा पाना उचलून राहिलेला बोल्ट आवळला.