गाडी वर कुणी ओढली

सकाळी डोळे उघडले तेव्हा समुद्र समोरच होता, पण भलताच लांब. रात्री आम्ही गाडी राजोडीच्या ओल्या वाळूवर, पाण्याच्या अगदी जवळ लावली होती, एवढं मला पक्कं आठवत होतं. आता ती सुरूच्या झाडांखाली होती. मागे दोन मित्र तोंडं उघडी टाकून घोरत होते.

एकाला नवी नोकरी लागली म्हणून विरारहून तिघे पार्टीला निघालो होतो. पिताना कुणी मागेपुढे पाहिलं नाही. पुढचं सगळं कोरं. डोकं ठणकत होतं, पण त्याहून जास्त कुतूहल छळत होतं. नसत्या चौकशा करायची खोड मला जन्मजात आहे. खाली उतरून पाहिलं तर मागच्या हुकाला होडीचा जाडजूड दोर बांधलेला आणि गाडीभोवती अनवाणी पावलंच पावलं, टाचा वाळूत खोल रुतलेल्या.

जवळच एक मावशी बोंबील वाळत घालत होत्या. त्यांना विचारलं.

"आम्हीच ओढली," त्या म्हणाल्या. "भरतीचं पानी दारापर्यंत आलेलं. तुम्ही एसी लावून आत मेल्यासारखे. होडी ओढतो तशी ओढली, आठ जनांनी."

"पण हँडब्रेक लावलेला असणार!" मला राहवेना.

"व्हता ना. म्हनून तर काच वाजवली. तू उठलास, काच खाली केलीस. आमच्या मालकांनी ब्रेक सोडायला हात आत घातला, तर तू चोर चोर ओरडून काच वर घेतलीस. ब्रेक सुटला, पन हात आतच राहिला."

बाकीच्या होड्या कधीच समुद्रात गेल्या होत्या. एकच वाळूवर होती. तिच्या सावलीत एक काका उजव्या हाताला फडकं गुंडाळून बसले होते. फडक्याबाहेरची बोटं काळीनिळी पडली होती.

"उतरली काय रे?" त्यांनीच विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी आभार मानायला गेलो होतो. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

त्यातल्या त्यात शुद्धीत असलेल्या मित्राला उठवून स्टिअरिंगवर बसवलं. वसईला डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. काका नको नको म्हणत पुढच्या सीटवर बसले. दार लावायला मी हात पुढे केला, तसे त्यांनी दोन्ही हात चटकन पोटाशी घेतले.