बूट तेवढे राहतील

मार्लिस ट्वेट सात नंबरची बस चालवायची आणि मी नऊ नंबरची. मिनेसोटाच्या वायव्य टोकाला, बीटच्या शेतांमध्ये बसलेलं आमचं व्हेल्डा गाव. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारी अडीचपर्यंत आम्हा ड्रायव्हरांना काही काम नसायचं. मी डेपोत कॉफी पीत विणकाम करायचे. मार्लिस शाळेमागच्या मैदानावर जाऊन हातोडा फेकायची.

हातोडा म्हणजे चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला तार आणि तारेला मूठ. जाळीच्या पिंजऱ्यात, सिमेंटच्या छोट्याशा वर्तुळात उभं राहून चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं, तर गोळा जाळीत आणि मी जमिनीवर. मार्लिसचा गोळा मात्र एकाहत्तर मीटरवर जाऊन पडायचा. आदल्या वर्षी ती सगळ्या देशात पाचवी आली होती. तिला शिकवायचे ऑर्विल स्टेन. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. बोलणं कमी आणि जे बोलायचे ते बहुतेक पायांबद्दल.

एकतीस वर्षांची, सहा फूट उंच, डेपोच्या फ्रीजएवढी रुंद अशी ही बाई. पण तिचं कोपर कसं दिसतं हे गावात कुणाला माहीत नव्हतं. जुलैच्या उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा ढगळ शर्ट. स्पर्धेतल्या बनियनच्या आतही लांब बाह्या. एका थंडीत बसच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता तिनं मला सहज सांगितलं होतं. तेरा वर्षांची असताना तळ्यावर पोहायला गेली होती. ती धक्क्यावर उभी राहिली तशी पाण्यातली मुलं ओरडली, "सरका रे, होडी उतरतेय!" सगळे हसले.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मीपण हसले," ती म्हणाली. "घरी गेले आणि पोहायचे कपडे आईच्या फडक्यांच्या पेटीत टाकले."

तर एप्रिलमध्ये डेपोत फोन आला तो मीच उचलला. न्यूयॉर्कहून रेनाटा नावाची फोटोग्राफर बोलत होती. खेळांचं एक मोठं मासिक आहे, ते वर्षातून एकदा खेळाडूंच्या अंगावर कपडा नसलेल्या फोटोंचा अंक काढतं. आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानात यायचा तो अंक, दुसऱ्या मासिकांच्या खाली दडपलेला. या वर्षी त्यांना मार्लिस हवी होती.

मी फोन मार्लिसच्या हातात दिला. तिनं ऐकून घेतलं, कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला." फोन ठेवला.

"अगं, नाव घेऊन विचारलं तिनं तुझं!" मी म्हटलं.

"असेल दुसरी कुणी मार्लिस ट्वेट."

"हातोडा फेकणारी?"

 ती उठून बसखाली वाकून टायर बघायला लागली. टायर कालच बघितले होते.

चार दिवस तिनं विषय काढला नाही. पाचव्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली. "ग्लेंडा, माझा गुडघा अजून दोन वर्षं टिकेल. त्यानंतर हे शरीर असं राहणार नाही. वीस वर्षं घासून कमावलंय मी ते, आणि मी स्वतःसुद्धा नीट बघितलेलं नाही. आंघोळीला जाताना आरशावर टॉवेल टाकते."

"मग लाव फोन," मी म्हटलं.

तिनं लावला. मी शेजारीच होते, ऐकू येत होतं.

"मला काय करायला सांगाल?" मार्लिसनं विचारलं. "इथेतिथे हात ठेवून उभं राहायचं, लाजून हसायचं, असलं काही?"

"छे हो," रेनाटा म्हणाली. "मी तुम्हाला फेकायला सांगेन."

"खरोखरची फेक? पूर्ण ताकदीनं?"

"जाळी असेल तर. मला मरायचं नाहीये."

मार्लिस खो खो हसली. तिथेच ठरलं.

मग घरी सांगायचं आलं. वडील आर्विड यंत्राच्या शेडमध्ये होते. मार्लिसनं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी हातातला बोल्ट पुसला, पुन्हा पुसला, दिव्याखाली धरून बघितला.

"कधी आहे?"

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाबा."

"डास असतील," आर्विड म्हणाले. त्यांच्याकडून संमती म्हणून एवढंच मिळालं, पण मिळालं.

आई व्हर्ना मात्र पेटली. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. "तुला काय, तू बसमध्ये बसशील! मी दर रविवारी सगळ्या गावाकडे पाठ करून बसते. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसणारसुद्धा नाही!"

"आई, मी तुझ्या परवानगीसाठी आले नाहीये. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आलेय."

व्हर्नानं लेफ्सेसाठी, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पोळ्यांसाठी, उकडलेले बटाटे असे कुस्करले की पातेलं टेबलावरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. त्या दिवशीच्या लेफ्से फार मऊ झाल्या होत्या असं आर्विड नंतर सांगायचे.

ऑर्विलसरांनी एकच प्रश्न विचारला. "पूर्ण फेक आहे ना? मग मी येणार. माझ्याशिवाय फेकलीस तर चौथी गिरकी बिघडते तुझी."

"सर, मी... म्हणजे, अंगावर काही नसणार."

"ऐकलं मी. मी पाठ करून उभा राहीन. तुझा पाय मला कानानं कळतो."

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावरच्या दुसऱ्या मंगळवारी रेनाटा चार माणसं आणि दोन गाड्या भरून सामान घेऊन आली. मैदानाभोवती काळ्या कापडाचा आडोसा उभा केला. पत्रव्यवहारात मार्लिसची एकच अट होती, झगा धरायला माझी ग्लेंडा येईल. त्यामुळे मी वर्तुळाजवळ झगा हातावर टाकून उभी होते, नवरी येण्याआधी पाहुणे उभे राहतात तशी अवघडून.

पहिली खटपट बुटांवरून झाली. रेनाटाला अनवाणी पाय हवे होते.

"अनवाणी मी फिरणार नाही," मार्लिस झग्याच्या आतून म्हणाली. "सिमेंट आहे ते. तळव्याची साल जाईल."

"पण मग ते पूर्ण—"

"बूट राहतील," पलीकडून ऑर्विलसर म्हणाले. ते तीस पावलांवर, आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून कापडाच्या फटीतून गव्हाच्या शेताकडे बघत होते. "बूट राहतील आणि डाव्या हातातला हातमोजाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

झालं. मार्लिसनं झगा माझ्या हातात दिला. मी तिच्याकडे बघितलं, मग आकाशाकडे, मग पुन्हा तिच्याकडे, कारण ती माझ्याकडेच बघत होती आणि कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"थंडी वाजतेय का?" मी विचारलं.

"डास," ती म्हणाली.

पहिली फेक वाईट पडली. ती पोट आत ओढून फिरत होती, आणि पोट आत ओढून कुणाला हातोडा फेकता येत नाही. गोळा जाळीला धडकला. दुसराही तसाच. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. रेनाटानं कॅमेरा खाली केला, पण ती बोलायच्या आत ऑर्विलसर शेताकडे तोंड करूनच ओरडले, "उजवा पाय उशिरा पडतोय! काय करतेयस, बस पार्क करतेयस का?"

मार्लिस चिडली. तिच्या पायावर कुणी बोट ठेवलं की ती चिडायचीच. "उशिरा नाहीये!"

"मला ऐकू येतंय! टप, टप आणि मग बऱ्याच वेळानं तिसरा. श्वास कोंडलायस तू. सोड!"

तिनं श्वास सोडला. पोट सुटलं, खांदे उतरले, आणि त्या क्षणापासून आम्ही तिथे आहोत हे ती विसरूनच गेली. गोळा डोक्याभोवती दोनदा फिरवला आणि गिरक्या सुरू. पाठीवरचे स्नायू एकामागून एक उठत होते, मांड्या जमिनीत रुतल्यासारख्या, आणि शेवटी तिची ती आरोळी. मी सोळा वर्षं ती आरोळी डेपोत बसून ऐकत होते. ती कुठून येते ते मला तेव्हा दिसलं, पार टाचेतून.

"आत्ता बरोबर," ऑर्विलसर शेताला म्हणाले.

त्यानंतर ती थांबेना. रेनाटा म्हणाली, "झालं, मिळाला फोटो," तरी मार्लिस म्हणे, "अजून एक." नवव्या फेकीच्या वेळी घरघर ऐकू आली. काळं कापड आम्ही चारी बाजूंनी लावलं होतं, वर कुणी लावतं का? शेतावर औषध फवारणारं लाइलचं पिवळं विमान नेमकं आमच्या डोक्यावरून वळत होतं. मी झगा घेऊन धावले. पण मार्लिस तिसऱ्या गिरकीत होती आणि तिथे थांबता येत नाही. गोळा सुटला. विमान एकदम वर गेलं.

गोळा कुठे पडला ते आम्ही मोजलं. बहात्तर मीटर वीस. मापाच्या पट्टीचं एक टोक धरून ती तशीच चालत गेली होती, बूट आणि हातमोजा घालून, आणि परत आल्यावर तिच्या लक्षात आलं.

"ग्लेंडा, झगा!"

"मघापासून धरून उभी आहे मी!"

संध्याकाळी कॅफेत लाइलला सगळ्यांनी घेरलं. "काय दिसलं रे तुला?"

"मला?" लाइलनं कॉफीत साखर घातली. "मला फक्त गोळा दिसला. तो माझ्याकडे येत होता."

अंक जुलैत आला. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॉटडिशच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याच्या, रांगेत व्हर्ना मान ताठ करून उभी होती, कुणी एक शब्द काढला तर उलट वार करायच्या तयारीत. आर्डिस नावाची म्हातारी तिच्याजवळ गेली. पर्समधून तो अंक काढला आणि पान उघडून टेबलावर ठेवलं. फोटो मागून, थोडा बाजूनं घेतलेला. तार ताणलेली, केस उडालेले, पाठ अशी की नजर हलत नाही.

"व्हर्ना," आर्डिस म्हणाली, "ही तर तुझी आई. गवताचे भारे गाडीवर फेकायची ना, तेव्हा अशीच दिसायची. मी लहान होते, कुंपणावर बसून बघायचे."

व्हर्नानं चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग आर्डिसला म्हणाली, "त्यावर कॉफी सांडशील. मिट ते." आणि मिटलेला अंक स्वतःच्या पिशवीत घातला. आर्डिसला तो परत मिळाला नाही. तिला दुसरा विकत घ्यावा लागला, आणि त्याबद्दल ती वर्षभर कुरकुर करत होती.

पुढच्या उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत मार्लिस सहावी आली, गुडघा बांधून. तिथून ऑलिंपिकला पहिल्या तिघीच जातात, त्यामुळे ती गेली नाही. दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी बस धुवायला आली. मात्र त्या स्पर्धेत ती बिनबाह्यांच्या बनियनमध्ये उतरली होती. टीव्हीवर दिसली तेव्हा आर्विड पहिल्यांदाच आपण होऊन बोलले, "हात भाजतील हिचे उन्हात."

पत्रं मात्र महिनोन्‌महिने येत राहिली. नर्सांची, मच्छीमार बायकांची, एका लोहारणीचं. सगळ्या धिप्पाड, सगळ्यांच्या मनात एखादं तळं. मार्लिस बसच्या स्टिअरिंगवर कागद ठेवून एकेकीला उत्तर लिहायची आणि मी तिकिटं चिकटवायचे.

गुडघा शेवटी दोन नाही, चार वर्षं टिकला. आता बस सांभाळून ती शाळेच्या मुलामुलींना हातोडा शिकवते. ऑर्विलसर घडीच्या खुर्चीत बसून तिच्या शिकवण्यात चुका काढतात, आणि दोघांची भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू येतात. मागच्या आठवड्यात तिच्या हाताखालच्या एका मुलीनं पन्नास मीटर ओलांडले. मार्लिस धावत मैदानात गेली, त्या मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि तशीच डेपोपर्यंत आली, मला सांगायला. अडीच वाजून गेले होते. सात नंबरच्या बसमधली मुलं खिडकीतून ओरडत होती, आम्हाला घरी कोण नेणार म्हणून.