खडवलीला हवापालटाला गेलेला अनंत

आमच्या गॅलरीतल्या अनंताला कधीही फूल आलं नाही आणि त्याबद्दल घरात कुणाची काही तक्रार नव्हती.

हा अनंत आईने तिच्या माहेराहून, राजापूरकडून आणलेला. डोंबिवली पूर्वेला आमची गॅलरी आणि समोरच्या बिल्डिंगमधलं स्वयंपाकघर यांच्यात इतकंच अंतर आहे, की त्यांच्या फोडणीने आम्हाला ठसका लागतो. ऊन बिचारं शिरणार कुठून? तरी झाड तग धरून होतं. आई होती तोवर ती त्याच्याशी बोलायची. ती गेल्यावर बाबा बोलायला लागले. म्हणजे रागवायला! "नुसता खातोस, कामाच्या नावाने शून्य!" असं सकाळी ऐकू आलं, की ते अनंताला म्हणतायत की मला, हे उठून बघावं लागायचं.

बाबा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. आलेला प्रत्येक ड्रम भेसळीचाच आहे असं धरून चालायचं, हा तिथला नियम त्यांनी रिटायर होताना घरी आणला. दूधवाला, आंबेवाला, हवामानाचा अंदाज, कुणालाच सूट नाही. मी जन्मलो तेव्हासुद्धा त्यांनी नर्सला "नक्की आमचाच ना?" असं विचारलेलं. (नर्स हो म्हणाली. बाबांचं अजून समाधान झालेलं नाही.)

अशा माणसाला माझ्या बायकोने, माधवीने, एका नर्सरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. कल्याण-शीळ रस्त्यालगतची ही नर्सरी कांचनताई नावाच्या बाई चालवतात. ऋतू बदलला की त्यांचा मेसेज येतो. "नमस्कार बागप्रेमींनो! मोगऱ्याची रोपं आली आहेत. ऊन वाढतंय, झाडांना पाणी सकाळी लवकर द्या, भर दुपारी नको."

"आत्ताच कसा मोगरा आठवला?" बाबा चष्मा सावरत म्हणाले. "कुणीतरी परत केलेला माल असणार."

"बाबा, मोगऱ्याचा सीझन आहे," माधवी म्हणाली.

"आणि दुपारी पाणी का नको? दुपारी यांच्या नर्सरीत पाणी येत नसेल!"

मग एप्रिल संपता संपता तो मेसेज आला. "मे महिन्यात गावाला निघालात? झाडं आमच्या खडवलीच्या हॉस्टेलवर ठेवा. मोकळी हवा, जाळीतलं ऊन, नदीचं पाणी. आमचा टेम्पो ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत घरी येऊन झाडं नेईल."

"झाडांना हवापालट!" बाबा कडाडले. "मला टायफॉइड झालेला तेव्हा मला कुणी खडवलीला नेलं नव्हतं!"

पण आम्ही सगळेच महिनाभर राजापूरला जाणार होतो, झाडांना पाणी घालायला मागे कुणी नव्हतं. माधवीने टेम्पो बोलावला. आदल्या दिवशी बाबांनी तिचं नेलपॉलिश मागून घेतलं आणि प्रत्येक कुंडीच्या बुडाला एक लाल ठिपका दिला. "यांना वाटेल म्हातारा भोळा आहे. परत आल्यावर बघतो एकेकाला."

जूनमध्ये आम्ही परत आलो आणि दुसऱ्या दिवशी झाडं आली. तुळस फोफावलेली, कोरफड गलेलठ्ठ. आणि टेम्पोवाला शेवटची कुंडी घेऊन जिना चढतोय तोच एक वास पुढे आला. गोड, दाट, अख्ख्या जिन्यात भरून राहिलेला. तळमजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. अनंत! पांढऱ्याशुभ्र फुलांनी डवरलेला!

"अगं बाई, किती सुंदर!" माधवीने हात जोडले.

बाबांनी झाडाला एक फेरी मारली. "हे आपलं नाही."

"बाबा, अहो, फुललंय म्हणून..."

"म्हणूनच! आपलं फुलतं का?"

त्यांनी कुंडी तिरकी करून बूड पाहिलं. ठिपका नाही! कुंडीच नवीन होती. माधवीने लगेच फोन उघडून कांचनताईंचा मेसेज दाखवला: "पावसाआधी कुंडी बदला, मुळांना जागा मिळते. हॉस्टेलमधल्या झाडांचं हे काम आम्ही करून देत आहोत."

"पुरावा नष्ट केला," बाबा म्हणाले.

मी सुरुवातीला माधवीच्या बाजूने होतो. पण मग मीच माझ्या वाढदिवसाचा एक जुना फोटो शोधून काढला. त्यात केकच्या मागे, माझ्या कानाशेजारी, अनंत दिसत होता. मी फोटो मोठा केला. झाड डावीकडे झुकलेलं! हे समोरचं तर ताठ उभं!

"बाबा, मान डावीकडे होती," मी हळूच म्हणालो.

"अरे, जाळीत चहूबाजूंनी उजेड मिळाला, सरळ झालं असेल!" माधवी म्हणाली. पण आम्हा बापलेकांना आता कोण थांबवणार? रविवारी फुललेला अनंत गाडीत मागे घातला आणि निघालो खडवलीला.

कांचनताई हिरव्या जाळीखाली पाइपने पाणी मारत होत्या. बाबांनी नमस्कार न करता सुरुवात केली. "आमचं झाड कुठाय?"

"काका, ते काय, तुमच्या गाडीत."

"हे? हे फुललंय!"

"हो ना! छान ना?"

"आमचं फुलत नाही!"

कांचनताईंनी पाइप खाली ठेवला. आपलं झाड फुललं म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं. "काका, ऊन मिळालं, खत मिळालं, मग फुललं. तुमचंच आहे."

"यांच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस," बाबा मला म्हणाले, त्यांच्यासमोरच.

आणि तेवढ्यात मला तो दिसला. शेडच्या कोपऱ्यात, पानं पिवळी, फांद्या काटकुळ्या आणि मान... डावीकडे!

"बाबा! तो बघा!"

बाबा धावले. मीही धावलो. आम्ही दोघं त्या कुंडीला असे बिलगलो, की जणू जत्रेत हरवलेलं पोर सापडलं. "काय हाल केलेत रे तुझे," बाबा त्याच्या खोडावरून हात फिरवत म्हणाले, आणि मला खरंच भरून आलं. (आता आठवलं की कान गरम होतात.)

"अहो, ते दुसऱ्यांचं आहे! कालच आलंय!" कांचनताई मागून ओरडत होत्या.

"सगळे असंच म्हणतात," बाबा म्हणाले. वास्तविक असं कोणीच म्हणत नाही. पण आम्ही फुललेलं झाड तिथे ठेवलं, वाळकं गाडीत घातलं आणि जिंकून परत आलो.

माधवीने दार उघडलं, कुंडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि कुकर लावायला निघून गेली. बाबा मात्र आठवडाभर खुशीत होते. रोज सकाळी गॅलरीतून ऐकू यायचं, "नुसता खातोस!" घर पूर्ववत झालं.

मग कांचनताईंचा फोन आला. त्यांचा आवाज तापलेला होता. "तांबे, एक गोष्ट द्यायची राहिली. तुमच्या अनंताची कुंडी बदलताना मुळांत एक चमचा सापडलाय. नाव घातलेला आहे. वाचू? 'सौ. सुमन वि. तांबे.'"

सुमन म्हणजे आमची आई.

आईला माती उकरायला खुरपं चालायचं नाही, ती चहाचा चमचा घ्यायची. आणि तिच्या लग्नातल्या चमच्यांपैकी एक फार वर्षांपूर्वी हरवलेला. आईचा संशय बाबांच्या बहिणीवर, मालूआत्यावर होता. उघड कधी बोलली नाही; पण मालूआत्या आली, की सगळ्यांना शिऱ्याबरोबर चमचा आणि तिला एकटीला "हातानेच खा गं, चव लागते."

चमचा मी जाऊन आणला. बाबांनी तो बराच वेळ हातात धरला. अंगठ्याने नावावरची माती पुसली. मग म्हणाले, "मालूला फोन लाव."

फोन लागला. "मालू, चमचा सापडला."

"कुठे?"

"अनंताच्या मुळात."

पलीकडे मालूआत्या रडत होती की हसत होती ते कळेना. शेवटी म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी मला शिरा चमच्याने दे."

फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले. "म्हणजे ते फुललेलं..."

"आपलं."

"आणि हे?"

हे घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या सरदेसाईंचं होतं. ते आपलं झाड न्यायला खडवलीला आले, तेव्हा आम्ही ते पळवलेलं असल्याने कांचनताईंनी ओशाळून, काही न सांगता त्यांना आमचं देऊन टाकलं होतं. "आता तुमचं तुम्ही निस्तरा," असं म्हणून त्यांनी पत्ता दिला.

पुढच्या रविवारी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये वाळक्या झाडासह शिजून आम्ही त्या टॉवरच्या गेटवर पोचलो. गार्डने इंटरकॉम उचलला आणि आम्हाला ऐकू येईल असं सांगितलं, "साब, दो आदमी आए हैं. सूखा पेड लाए हैं, बदले में फूलवाला माँग रहे हैं."

जन्मभर जगावर संशय घेणाऱ्या माझ्या बापाकडे गार्ड खालून वर बघत होता, आणि बाबांना ते अजिबात सोसत नव्हतं. "आम्ही सभ्य माणसं आहोत!" ते म्हणाले. गार्डने ताबडतोब रजिस्टरमध्ये आमच्या गाडीचा नंबर लिहून घेतला.

वरती सरदेसाईंच्या बाल्कनीत आमचा अनंत उन्हात डोलत होता. सरदेसाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पण माझं झाड इतकं छान फुललंय," ते म्हणाले. "ते माझं नाही असं मी का मानू?"

"तुमचं याआधी कधी फुललेलं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग!"

"मग काय? तुमचं तरी कुठे फुललेलं?"

मी घाईघाईने चमचा काढून पुरावा म्हणून पुढे केला. सरदेसाईंनी तो उलटसुलट पाहून टेबलावर ठेवला. "चमच्यावर तुमचं नाव आहे. झाडावर कुठंय?"

शेवटी त्यांच्या मिसेस चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी निकाल दिला. "अहो, त्यांच्या आईचं झाड आहे. द्या त्यांचं त्यांना. आणि आपलं झाड मेलं तरी आपल्याला कळणार नाही, सहा महिने तुम्ही त्याला पाणी घातलंय का?"

सरदेसाई वरमले. बाबांनी त्यांना वाळक्या अनंताची निगा कशी राखायची ते समजावलं. (पाणी सकाळी लवकर, भर दुपारी नको!) आम्ही चहा प्यायलो, आभार मानले आणि फुललेली कुंडी छातीशी धरून बाबा लिफ्टमध्ये शिरले.

खाली गार्डने हात आडवा केला. "रुकिए. ऊपर से मॅडम का फोन है. चम्मच कम है."

बाबा संतापाने लाल झाले. कुंडी माझ्या हातात देऊन त्यांनी शर्टाच्या खिशातून आईचा चमचा काढला आणि गार्डसमोर धरला. "हे बघा! नाव वाचा! माझ्या बायकोचा आहे! निघताना टेबलावरून मी स्वतः उचललाय!"

गार्डने नाव वाचलं. मान डोलावली. आणि मला एकदम आठवलं, की निघताना टेबलावरून, आईचा समजून, एक चमचा मीसुद्धा उचललेला. मी पँटच्या खिशात हात घातला. साखर लागलेला, अजून चिकट, नाव नसलेला चमचा बाहेर आला.

गार्डने तो ठेवून घेतला. बाबांनी कुंडी माझ्याकडून परत घेतली. हल्ली मी चहा पिऊन उठलो, की ते मोरीपाशी जाऊन चमचे मोजतात. आणि परवा मालूआत्या आलेली, तेव्हा माधवीने सगळ्यांना शिऱ्याबरोबर चमचे दिले आणि माझ्यासमोर नुसती बशी ठेवून म्हणाली, "तू हातानेच खा रे, चव लागते."