शनिवारची झडती

सायकलवर लांब जायचं तर सोबत काय काय ठेवावं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी घडाघडा सांगेन. सीटखालच्या पिशवीत दोन टायर लिव्हर, म्हणजे रिमवरून टायर उचलायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. एलन कीचा जुडगा. पंक्चरचे पॅच, घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्युशनची ट्यूब. चेनचा एक सुटा जोड. चाकात घालायची एक जास्तीची ट्यूब, जुन्या मोज्यात गुंडाळलेली, म्हणजे ती घासून फाटत नाही आणि मोज्याला हातही पुसता येतात. हे मी कुठल्या क्लबात शिकले नाही. दर शनिवारी दुपारी नवरा झोपला की मी त्याच्या पिशवीची झडती घ्यायचे, तेव्हा शिकले.

संशय हा माझा जुना धंदा. मी चिखलीत हायस्कूलला मराठी शिकवते आणि दहावीच्या परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पोराची नजर उगाच वर छताकडे गेली की मी त्याच्या पायाकडे बघते. दहातली आठ पोरं चिठ्ठी मोज्यात ठेवतात. इतकं सगळं माहीत असून मी घरात मात्र मोजा उलगडून पाहिला नाही. त्याचं मला अजून हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

यांनी वीस वर्षं खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि वर गाठ मारायची, तो आमच्याकडचा खर्रा. सकाळचा चहा झाला की पहिली पुडी, मग दिवसभर गाल भरलेला. काही विचारलं तर उत्तर "उं" एवढंच. मी यांना पंचशीलाची आठवण करून दिली की म्हणायचे, "पाचव्या शीलात दारू हाय. खर्रा कुठी हाय, दाखव बरं." मी म्हणायचे, नशा म्हटलं की सगळं आलं त्यात. पण तोंडात पुडी असलेल्या माणसाशी वाद घालून काय उपयोग, तो थुंकायला उठून जातो.

दोन पावसाळ्यांपूर्वी यांना ठेचा झोंबायला लागला. साधा आमचा रोजचा ठेचा, आणि डोळ्यांतून पाणी. मग बुलढाण्याला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्या बाईंनी तोंड उघडायला लावलं. एकावर एक तीन बोटं आत जायला पाहिजेत, म्हणाल्या. यांची दोनच गेली. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. बाई यांच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज सुटला तर सुटला. नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे गाल कापतात."

त्या दिवसापासून यांनी खर्रा सोडला. म्हणजे, सोडला असं हे म्हणाले.

चहानंतरचा एक तास यांना खायला उठायचा, म्हणून तो तास काढायला यांनी सायकल घेतली. गल्लीतल्या सगळ्यांनी कौतुक केलं. मी नाही केलं. सायकलीला ब्रेक असतात आणि ब्रेक पानठेल्यासमोरही लागतात, एवढं मला कळतं. महिनाभरात मी तसलीच सायकल घेतली. लोकांना वाटलं, मॅडमनी तब्येत मनावर घेतली. कसली तब्येत! माझे गुडघे चढावर रडायचे. रविवारी तरी हा माणूस माझ्या नजरेखाली राहावा, एवढंच माझ्या मनात होतं. विहारातली वंदना त्यासाठी आम्ही सकाळवरून संध्याकाळवर नेली.

नजरेखाली असूनही संशय जाईना. हे मधेच थांबायचे, म्हणायचे, "तू हो पुढं, मी हवा पाहून येतो." हवा दर वेळी पाहायची काय गरज? पिशवी स्वतःच्या हातानेच काढायची, स्वतःच खुंटीला लावायची. मी उचलायला गेले की, "राहू दे, तुले नाही समजत त्यातलं." बडीशेप तर हे नको इतकी खायला लागले. मी यांचा रुमाल धुण्याआधी हुंगायचे. शर्टाचा खिसा उलटा करायचे. कॉलेजातल्या मुलीने फोनवर विचारलं, "आई, बाबांनी सोडला ना गं नक्की?" तर मी म्हणाले, "बघू." तिला हो म्हणायची माझी हिंमत नव्हती. चट्ट्याचं पुढे काय होतं ते मी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं आणि फोटोही बघितले होते, बघायला नको होते.

म्हणून शनिवारची झडती. एकेक वस्तू जमिनीवर मांडायची, हुंगायची, परत ठेवायची. पॅच ठेवायला यांनी तंबाखूची जुनी पत्र्याची डबी घेतली होती. तीच डबी एका शनिवारी हुंगली आणि माझ्या डोक्यात सणक गेली. वास येत होता. जुना की नवा, सांगता येईना. सोल्युशनच्या ट्यूबचं टोपण काढून हुंगलं, त्याचा वास वेगळा, उग्र. तिसऱ्यांदा डबी हुंगल्यावर मला सगळ्यालाच तंबाखूचा वास येऊ लागला.

मग मी जे केलं ते आमच्याच घरात होऊ शकतं. मार्च संपत आला होता, गच्चीवर कुरडया वाळत होत्या. मी डबी राखेने घासली. पॅच साबणाच्या पाण्यातून काढले. मोज्यातली ट्यूब तेवढी तशीच बाजूला ठेवून पिशवी धुतली. आणि पट्ट्या, पॅच, सोल्युशन, सगळं नेऊन कुरडयांच्या शेजारी उन्हात पसरलं. तासाभराने सगळं खडखडीत वाळलं, वास गेला. मी खूश होऊन जिथल्या तिथे भरून ठेवलं. टोपण नीट लावलं होतं की नाही, ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. उजाडताना उंद्रीच्या रस्त्याला लागलो. त्या दिवसांत शेतकरी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडतात, गाडीमागे बांधतात आणि रस्त्याने ओढत नेतात. मागे काटे गळतात. अर्ध्या वाटेवर माझं पुढचं चाक बसलं.

हे म्हणाले, "दहा मिनिटाचं काम हाय," आणि एका लिंबाखाली सायकल उलटी केली. टायर काढला, ट्यूब ओढली, काटा शोधला, जागा घासली. सगळं कसं ऐटीत. मग सोल्युशन दाबलं. काहीच आलं नाही. अजून दाबलं तर ट्यूबच्या तोंडातून डिंकासारखा एक खडा बाहेर आला. पॅच काढला, तो पापडासारखा वळलेला. तसाच चिकटवला, अंगठ्याने दाबून धरला, हवा भरली, आणि पॅच उडून यांच्या मांडीवर पडला.

"नकली माल देल्ला त्यानं मले," हे दुकानदारावर तापले. "उद्या पाहतोच त्याले. दोन महिने नाही झाले घेऊन."

"हाव, आजकाल सगळं नकलीच," मी म्हणाले. त्या बिचाऱ्या दुकानदाराचा बळी जात होता आणि मी गप्प उभी होते. मग विषय बदलायला म्हणून बोलले, "ते मोज्यातली ट्यूब हाय ना? ते टाका."

यांचा हात थांबला.

"राहू दे. पायीच जाऊ. उंद्री काई लय दूर नाही."

"जास्तीची ट्यूब सोबत असून पायी कायले जायचं?"

"ते नवी हाय. उगाच कायले खराब करा."

"पंक्चरसाठीच ठेवली ना ते? मंग काय लोणचं घालता तिचं?"

यांनी मान वर केली आणि लिंबाच्या झाडाकडे बघायला लागले. वर बघण्यासारखं काही नव्हतं. ती नजर मी इतकी वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये बघत आले आहे.

मी पिशवीतून मोजा खेचला आणि उलगडला. आधी ट्यूब पडली, तिच्यामागून पुडी. पन्नीची, वर गाठ मारलेली, अंगठ्याएवढी. ती मातीत माझ्या बुटाजवळ पडली.

मला राग आला, इतका की नीट बोलता येईना. "आठ महिने! आठ महिने मले उल्लू बनवून राह्यले तुमी! पोरीले मी काय सांगू? तुमचा गाल कापला तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू, सांगा!" एक दूधवाला मोटारसायकलवरून जाताना हळू झाला, माझ्याकडे बघितलं आणि जोरात निघून गेला. मी रडत होते, आणि रडू आल्याचाही मला राग येत होता.

हे खाली वाकले, पुडी उचलली आणि माझ्यापुढे धरली. "दाब."

"मी नाही हात लावत त्याले."

"दाबून तं पाह्य."

मी दाबली. दगड. ताजा खर्रा ओला आणि मऊ असतो, वीस वर्षं खिशातून काढून टाकलाय मी, मला माहीत आहे. हा वाळून कोळ झाला होता. पन्नी पिवळी पडली होती आणि गाठ इतकी घट्ट बसली होती की ती सोडायला दातच लागले असते.

"कधीची हाय?"

"दवाखान्यात गेलो ना, त्या दिवशीची. जायच्या आधी बांधून घेतली होती. म्हटलं, येतानी खाऊ."

"मंग फेकली काऊन नाही?"

"पहिल्या आठवड्यात दोनदा फेकायले गेलो. पण जवळ नसली का पाय आपोआप ठेल्याकडे जाते. जवळ असली का हवा पाहाच्या नावानं मोजा चाचपतो, वाटते, हाय ना आपल्यापाशी, उंद्रीले पोचल्यावर पाहू. उंद्री आली का वाटते, आता घरी गेल्यावर पाहू. असं करत करत आलो इथपर्यंत." मग म्हणाले, "हे फेकली असती तं दुसरी आणली असती. माहं मले माहीत हाय."

"मले सांगतलं काऊन नाही?"

"तू विश्वास ठेवला असता?"

नसताच ठेवला.

"आन् तू झडती घेते, हे मले पहिल्या शनिवारपासून माहीत हाय," हे म्हणाले. "माह्या पिशवीतल्या पट्ट्या कधीच सरळ नसतात. रविवारी पाहतो तं शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या. मले वाटे, आज तू मोजा पाहशीन, आज पाहशीन. तू पाहेच ना."

मग मलाही राहवेना. मी डबीचं, साबणाचं, गच्चीचं सगळं सांगून टाकलं. हे आधी माझ्याकडे बघतच राहिले. "कुरडयांसोबत?" म्हणाले. आणि हसले. हसताना तोंड पूर्वीपेक्षा जास्त उघडलं असं मला वाटलं, पण वाटण्यावर मी कधी गेले नाही.

"तोंड उघडा," मी म्हणाले.

"इथी? रस्त्यावर?"

"उघडा."

यांचे हात काळे झालेले, म्हणून मी माझीच बोटं घातली. पहिलं, दुसरं, आणि तिसरं नखापर्यंत गेलं. पूर्ण नाही, नखापर्यंत. यांनी माझं बोट हळूच चावलं, तेव्हा मी खांद्यावर एक चापट ठेवून दिली.

नवी ट्यूब यांनी दहा मिनिटांत टाकली. पुडी तोवर माझ्या मुठीत होती. रस्त्याकडेला नाली होती, फेकली असती तर कुणाला दिसली नसती. मी हात वर केला तसा यांचा पंप मारायचा हात थांबला. यांची नजर माझ्या मुठीवरून हलेना. मी पुडी परत मोज्यात घातली.

आता पॅच नवे आहेत, स्टीलच्या डबीत आहेत. आधी सांगून, यांच्यासमोर बसून मी शनिवारी पिशवी उघडते. पूर्वी ती पुडी सापडेल म्हणून माझा जीव वरखाली व्हायचा. आता ती सापडणार नाही म्हणून होतो. सगळ्यात आधी मोजा उलगडते. ही खाऊन यांनी नवीन ठेवली तर ती उन्हात किती दिवसांत एवढी वाळेल याचाही विचार मी करून ठेवलाय, म्हणून गाठीवर माझ्याकडचा हिरवा दोरा गुंडाळलाय. दोरा बघते, मग पुडी दाबून बघते. दगड लागला की सगळं परत भरते, पट्ट्या मुद्दाम थोड्या वाकड्या ठेवते, आणि मुलीचा फोन आला की आता "हो" म्हणते.