इंग्रजी पसंत, पासपोर्ट नापसंत

मंडळी, या कम्युनिटीत बरेचजण इंग्रजीचे शिक्षक आहेत, म्हणून सायबर कॅफेतूनच लिहितेय. डोकं फिरलंय नुसतं.

मी बारा वर्षं राजुरीत इंग्रजी शिकवते. कोरियातल्या एका क्लासनं फोनवर दोनदा माझी मुलाखत घेतली. इंग्रजीचं कौतुक केलं. नमुना म्हणून महिनाभराचे पाठ मागितले, मी तीसच्या तीस लिहून पाठवले. म्हणाले, निवड पक्की, आता पासपोर्टची झेरॉक्स पाठवा.

एवढ्यावर गावानं सत्कारही उरकून घेतला. शाल, नारळ आणि स्टँडवर माझ्या फोटोचा फ्लेक्स.

आज मेल आला. तिकडच्या व्हिसाला म्हणे इंग्रजी बोलणाऱ्या सातच देशांचा पासपोर्ट चालतो. भारत त्यात नाही. अहो, मी भारतातली आहे हे पहिल्या फोनपासून माहीत होतं ना तुम्हाला?

खाली आणखी एक विनंती होती. माझ्या जागी कॅनडाचा एकजण येतोय, त्यानं कधी शिकवलेलं नाही, तर माझे पाठ त्याला वापरू द्याल का?

मेल वाचून कॅफेबाहेर पडले तर सरपंच समोर. "मॅडम, कवा निघायचं? समदं गाव येतंय सोडायला!"

फ्लेक्स उतरवा म्हणायचं सोडून मी परत कॅफेत येऊन बसले.

पहिल्या पाठात मी मुलांना स्वतःची ओळख करून दिली होती: मी भारतातून आले आहे. तेवढं एक वाक्य बदललं की बाकी सगळं त्याला जसंच्या तसं चालेल.

सांगा, काय उत्तर देऊ?