कस्तुराबाईंचा पाय

कस्तुराबाईंचा पाय माझ्या पाठीवर तीनदा पडलेला आहे, तेव्हा त्यांच्याविषयी लिहायचा अधिकार मला आहे. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. आमच्या रिठदला अशा माणसाला भारी मान. पाठीत चमक भरली की लोक डॉक्टरच्या आधी कस्तुराबाईंच्या ओट्यावर पालथे पडत आणि बाई डाव्या पायाने तीन हलक्या लाथा देत. एरवी कुणापुढे मान न वाकवणारे बागायतदार इथे मुकाट्याने लाथ खायचे.

गंमत अशी की बाई वडिलांपासूनच्या ख्रिस्ती. दर रविवारी बसने वाशीमला भक्तीला हजर. लाथ मारतानाही "येशूच्या नावानं" असं पुटपुटायच्या! चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "देवानंच मले पायाळू जन्माले घातलं ना? मंग?" खरं सांगायचं तर बाईंना तो मान सुटत नव्हता. गावात ख्रिस्ती घरं दोनच, त्यांचं आणि आमचं; त्यांचा नवरा लवकर गेलेला. त्या पायामुळेच त्यांची गावात पत होती.

सात-आठ वर्षं झाली त्या गोष्टीला. शेजारच्या गंगूची सून रूपा, सातवा महिना. कंबर दुखते म्हणून सासूने तिला सकाळीच ओट्यावर आणलं. बाईंनी उभ्या-उभ्याच कमरेला पाय लावला आणि म्हणाल्या, "चमक हाये, दुपारपावतर जाईन." दुपारी रूपाच्या अंगावरून रक्त जायला लागलं.

शनिवारची सकाळची शाळा सोडून मी घरी येत होतो. गंगूच्या दारात ही गर्दी. रूपा खाटेवर, तोंड पांढरंफटक. गंगूने कस्तुराबाईंना हाताला धरून आणलं होतं.

"सकाई बराबर लागला नसन. आता नीट लाव वं पाय! दवाखाना कायले पाह्यजे?"

"लावा, बाई, लावा," सगळे म्हणाले. मास्तर असून मीही गप्प उभा होतो, याची लाज आजही वाटते.

पाय लावणं सोपं होतं. रूपा गेली असती तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता, बाईंना नाही. नाही लावला आणि पोरगी वाटेत गेली, तर सगळं खापर बाईंच्याच डोक्यावर फुटणार. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्या मोठ्याने बोलल्या.

"माह्या पायात काई नाई. कधी नव्हतंच. मले मान भेटे म्हून म्या कोनाले सांगतलं नाई. आता देवाच्या हातात हाय. परवेज, जीप लाव!"

गंगू किंचाळली, "माही सून मेली त तुले सोडनार नाई!"

"नको सोडू. पन आंदी जीपमंदी बस."

गावात भाड्याची जीप चालवणाऱ्या परवेजने ती दारातच आणली. मागच्या सीटवर रूपाला आडवं केलं, आणि तिचे दोन्ही पाय मांडीवर उंच धरून बाई वाशीमपर्यंत बसल्या. तोंडाने एकच चाललेलं, "देवा, माही इज्जत जाऊ दे, पन हे लेकरू वाचव." पुढून परवेज दर वेळी "आमीन" म्हणायचा आणि खड्डे चुकवायचा.

दोघी वाचल्या. मुलगी झाली, मूठभर वजनाची, आणि पायाळू! गाव खूश. जुना पाय गेला तर नवा आला, असं लोक म्हणाले. कस्तुराबाईंच्या ओट्यावर मात्र सहा महिने कुणी फिरकलं नाही. ढोंगी म्हणणारेही निघाले. "म्हनू दे, खरंच हाय," बाई म्हणायच्या. पुढे गंगूच पहिल्यांदा ओट्यावर येऊन बसली. नातीचं नाव तिने वैष्णवी ठेवलं, आणि नात दिवसभर बाईंच्या घरी.

मागच्या महिन्यात माझी पाठ धरली. वैष्णवी ओट्यावर खेळत होती. मी थट्टेने म्हणालो, "लाव बरं पाय."

"सर, दवाखान्यात जा," ती म्हणाली. "माहे पाय चालायले हायेत."

नाताळाला गंगू तिला घेऊन वाशीमला आमच्या चर्चला येते, केकसाठी, असं म्हणते. आभाराची साक्ष द्यायची वेळ आली की कस्तुराबाई उठतात आणि दरवर्षी तेच बोलतात. पोरं हसतात. पूर्वी मीही घड्याळ पाहायचो. आता मी बाकावर पाय हलवत बसलेल्या वैष्णवीकडे पाहतो.

"देवा," बाई म्हणतात, "त्या दुपारी तू माहा पाय उचलू देल्ला नाई. तुले धन्यवाद."